जुनं घर घेताना : ऐरोलीत पाहिलेली तीन घरं

आम्ही ऐरोलीहून बोलतोय, नवी मुंबईहून. आमचा बारा जणींचा बचत गट आहे. आज पापड-मसाल्याचं नाही, घराचं बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, आम्ही गावात राहतो, तिकडच्या ब्लॉकशी आमचं काय काम? काम आहे. तुमच्यातल्या कितीतरी जणींचा मुलगा, जावई नाहीतर धाकटा दीर इकडे असतो. साताऱ्याकडची, सांगलीकडची, जुन्नरकडची माणसं इथे गल्लोगल्ली आहेत. त्यांनी घर बघितलं की पहिला फोन गावी जातो. आई, पाटल्या ठेवूया का? खालचं रान काढूया का? घर इथलं, पण पैसा तुमचा. म्हणून ऐका.

आमच्या गटातल्या एका ताईंनी गेल्या वर्षी घर घेतलं. गोष्ट सांगा पण नाव नको, असं त्याच म्हणाल्या आहेत. चौदा वर्षं त्या भाड्याच्या खोलीत होत्या. दाजी वाशीच्या बाजारात माथाडी, ताई एका ऑफिसात साफसफाईला. अकरा महिन्यांनी करार संपला की गॅसची शेगडी डोक्यावर घेऊन नवी खोली. भाडं १३ हजारांवर गेलं तेव्हा ताई म्हणाल्या, आता आपलं घर.

नवं घर परवडणारं नव्हतंच. आमच्या आवाक्यात येतात ती जुनी, दुरुस्तीला आलेली घरं. सिडको १९७० साली स्थापन झाली आणि खाडीकाठच्या गावांच्या जमिनींवर हे शहर उभं राहिलं. ऐरोलीच्या जुन्या सेक्टरांतल्या कितीतरी इमारतींनी आता तिशी ओलांडली आहे. खाडीची खारी हवा, चार महिने पाऊस. आतली सळई गंजते, फुगते आणि वरचं प्लास्टर ढकलून देते. हे झाकता येतं रंगानं, म्हणून बघायला शिकावं लागतं.

पहिलं घर गावठाणात होतं. २२ लाख, फरशी नवी, लिफ्ट सुद्धा. दाजींना लगेच आवडलं. आम्ही विचारलं, कागद कुठले? तर म्हणाले, नोटरी करून देतो, इथे सगळे असंच घेतात. मैत्रिणींनो, शंभर रुपयांच्या वरच्या घर-जमिनीची खरेदी दुय्यम निबंधकाकडे नोंदवावीच लागते, तो कायदा १९०८ सालापासून आहे. नोटरीचा शिक्का म्हणजे सही कोणी केली एवढीच साक्ष, घर त्यानं नावावर होत नाही. बँक अशा कागदावर कर्ज देत नाही, आणि बँक जिथे पैसे घालत नाही तिथे आपण पाटल्या का घालाव्यात? इथल्या आगरी-कोळी गावकऱ्यांच्या जमिनी शहरासाठी गेल्या, कुटुंबं वाढली, त्यांनी गरजेपोटी घरं बांधली. तो प्रश्न वेगळा आणि खरा आहे. पण त्याच्या आडून कोणीतरी परवानगीशिवाय पाच मजले चढवतो आणि ते बाहेरच्या माणसाला विकतो, त्यात पाडकाम आलं तर बाहेरचाच माणूस रस्त्यावर येतो.

दुसऱ्या घराची गोष्ट सांगताना अजून वाईट वाटतं. मे महिना होता. भिंती पांढऱ्याशुभ्र, रंगाचा वास येत होता. एजंट म्हणाला, संध्याकाळी दुसरं गिऱ्हाईक येतंय. ताईंनी घाबरून २१ हजार रोख टोकन दिलं, पावती नाही. त्यातले २० हजार आमच्या गटातून कर्ज काढलेले. आम्ही सोबत नव्हतो. पैसे देताना सह्या घेतल्या, पण टोकन कसं द्यायचं हे सांगितलं नाही. ती चूक आमची.

जून लागला, दोन सरी पडल्या आणि आम्ही सगळ्या मिळून पुन्हा गेलो. बाथरूमच्या मागच्या भिंतीचा रंग फुग्यासारखा वर आला होता. रुपयाचं नाणं घेऊन छताला ठोकलं तर डबडब आवाज. चांगलं प्लास्टर टणक वाजतं, सुटलेलं मडक्यासारखं वाजतं. मग खाली सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटलो. मालकाचा तीन वर्षांचा मेंटेनन्स थकलेला होता. इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिटही झालेलं नव्हतं. तीस वर्षांवरच्या इमारतीला ते करून महापालिकेला दाखला द्यावा लागतो. त्यात इमारतीला वर्ग देतात. सी-१ म्हणजे धोकादायक, रिकामी करा. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. घर बघायला जाल तेव्हा हा एक शब्द विचारा, ऑडिटमध्ये वर्ग कुठला आला? समोरचा गप्प बसला तर समजून घ्या.

व्यवहार मोडला. एजंट म्हणाला, टोकन बुडालं. आम्ही सहा जणी त्याच्या दुकानात दोन तास बसलो, तेव्हा १० हजार परत मिळाले. ११ हजार गेले ते गेले. ताईंनी गटाचे २० हजार दहा महिन्यांत फेडले, एक हप्ता चुकवला नाही.

तिसरं घर बघितल्यावर ताई म्हणाल्या, नको बाई. वन रूम किचन, दुसरा मजला. स्वयंपाकघराचं छत धुरानं काळं, खिडक्या गंजलेल्या, बेसिन फुटलेलं. म्हातारं जोडपं राहत होतं, त्यांना कोकणात गावी जायचं होतं. पण आम्हाला तेच घर बरं वाटलं. जे वाईट होतं ते समोर दिसत होतं. ऑडिट झालेलं, वर्ग सी-३. गच्चीचं वॉटरप्रूफिंग सोसायटीने करून घेतलेलं. खालच्या पार्किंगमधल्या खांबांना तडे नाहीत. हे खांब आधी बघत जा, घर नंतर. छताला ठोकलं, स्वयंपाकघरातला एक कोपरा सोडला तर आवाज टणक. वरच्या मजल्यावरच्या बाईंकडे गेलो, त्यांच्या बाथरूमखाली आपलं बाथरूम येतं ना. पाणी किती वाजता येतं, किती वेळ, हे त्यांनीच सांगितलं. एजंटने ४०० फूट सांगितलं होतं. आमच्यातल्या शिवणकामवाल्या ताईंनी गळ्यातली टेप काढली. पाच फुटाची टेप, गुडघ्यावर बसून मोजलं, हसून पुरेवाट झाली. आतलं निव्वळ अडीचशे फूट भरलं. बाकीचं जिन्यात आणि भिंतीत.

आता भाव. मालकांनी ३६ लाख सांगितले. आम्ही बोलण्याआधी एका मिस्त्रींना नेलं, त्यांच्या खाड्याचे ५०० रुपये दिले. त्यांनी कागदावर लिहून दिलं. संडास-बाथरूम स्लॅबपर्यंत फोडून वॉटरप्रूफिंग आणि नवे पाइप १ लाख ४० हजार, वायरिंग ६० हजार, प्लास्टर ५०, ओटा ४०, खिडक्या ४५, रंग ३५. तीन लाख सत्तर झाले. वर ३० हजार न दिसणाऱ्या गोष्टींना धरले, म्हणजे चार लाख. दाजी म्हणाले, मग ३२ सांगू. ताई म्हणाल्या, ३२ वर पोचायचं तर ३० पासून चढावं लागेल, भाजी घेताना तुम्ही नसता म्हणून तुम्हाला कळत नाही.

साडेतीस सांगितले. काका गप्पच झाले, राग आला त्यांना. काकूंनी चहा केला. ताईंनी मिस्त्रीचा कागद पुढे ठेवला आणि एवढंच म्हणाल्या, काका, तुमच्या घराला नावं ठेवत नाही, हा खर्च मला राहायला येण्याआधी करावा लागेल. एजंट मध्ये बोलला की इमारत पुनर्विकासाला जाणार आहे, मोठं घर मिळेल. सेक्रेटरींना विचारलं होतं, अजून एक सभासुद्धा झालेली नव्हती. उद्याच्या घराचे पैसे आज देऊ नयेत असं आमचं मत आहे. चार दिवसांनी काकांचा फोन आला. साडेबत्तीसला ठरलं.

यावेळी विसार ५० हजार, चेकने, आणि विसारपावतीवर अटी लिहून. बँकेने कर्ज नाकारलं किंवा कागद स्वच्छ निघाले नाहीत तर विसार पूर्ण परत. ताबा देईपर्यंतची थकबाकी मालकाची. कर्जासाठी साठ दिवस. मग वकिलांकडून जुन्या नोंदींचा शोध घेतला. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि ना-हरकत पाहिली. इथली जमीन सिडकोने मुळात ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेली असते, म्हणून घर हस्तांतर करताना सिडकोची परवानगी आणि शुल्क लागतं. ते कोण भरणार हे भावासोबतच ठरवा, मागाहून भांडण होतं. सोसायटी हस्तांतराचं प्रीमियम शहरात २५ हजारांपेक्षा जास्त मागू शकत नाही, हेही ध्यानात ठेवा.

बँकेने घराची किंमत स्वतः ठरवली, ३० लाख. कर्ज मंजूर झालं २५ लाख. मुद्रांक शुल्क, नोंदणी, दुरुस्ती हे सगळं आपल्या खिशातून. दाजींचा प्रॉव्हिडंट फंड, ताईंच्या बांगड्या आणि सासूबाईंनी दिलेले दोन लाख असं करून जमवलं.

मग नावाचा प्रश्न आला. १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. ताईंच्या घराला ३२,५०० रुपये. नवऱ्याचं नाव जोडलं की सवलत गेली. दाजींच्या थोरल्या भावांना हे पटलं नाही. लोक काय म्हणतील, माणूस घरात पाहुणा का? दोन दिवस घरात कोणी बोललं नाही. आम्ही गेलो होतो, पण तोंड उघडलं नाही, तो त्यांच्या घरातला विषय. शेवटी सासूबाई गावाहून फोनवर बोलल्या. माझे दोन लाख सुनेच्या नावावर चालतील, म्हणाल्या. दाजी कर्जात सहकर्जदार आहेत, घर ताईंच्या एकटीच्या नावावर आहे. बँकेला ते चाललं.

दुरुस्ती चार लाखांत झाली नाही, चार लाख साठ हजार लागले. बाथरूमची फरशी काढल्यावर खालचा बिडाचा पाइप कुजलेला निघाला. ती उभी लाइन सगळ्या मजल्यांची, म्हणून अर्धा खर्च सोसायटीने द्यावा यासाठी ताई तीन वेळा कमिटीत गेल्या. कबूल झालाय, हातात अजून आलेला नाही. मधली भिंत पाडून ओटा मोठा करायचा विचार होता, तो मिस्त्रींनीच मोडला. जुन्या इमारतीत इंजिनिअरला आणि सोसायटीला विचारल्याशिवाय भिंतीला हात लावायचा नाही, म्हणाले.

हप्ता साधारण २२ हजार बसतो, भाड्याच्या खोलीपेक्षा ९ हजार जास्त. ताई आता संध्याकाळी चपात्यांच्या ऑर्डरी घेतात, आमच्या गटातल्या दोघी त्यांच्याबरोबर लाटायला बसतात. आतल्या खोलीचा रंग राहिलाय, दिवाळीनंतर बघू म्हणतात. सासूबाई पौषात येऊन गेल्या. आल्या आल्या त्यांनी हात वर करून काठीनं छताला ठोकून बघितलं.