गाडी बघावी चिखलात



काल याच व्यासपीठावरून ज्ञानेश्वरी ऐकलीत आणि आज गाडी ऐकायची आहे. (हशा) न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, त्यांची क्षमा मागून सुरुवात करतो. विषय दिलाय ‘ऑल-व्हील ड्राइव्ह गाडीची पारख’. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणाला लवकर उठायचं असेल तर उठता येईल. आपल्या भागात ही गाडी अक्षय्य तृतीयेला घेऊ नये.

कुरकुर ऐकू येतेय. मुहूर्ताशी माझं भांडण नाही. पण त्या दिवसांत आपलं शिवार कसं असतं? भेगाळलेलं, टणक. त्यावर कुठलीही गाडी पळते. आणि आपण चार चाकांची ताकद विकत घेतो ती पावसाळ्यासाठी. काळ्या मातीवर मी बोलत नाही. समोर आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाची मंडळी बसली आहेत, १९७२ पासून विद्यापीठ तेच सांगतंय. पाणी लागलं की ती फुगते आणि धरलं ते सोडत नाही, एवढं आपल्याला पुरे.

चारही चाकांवर चालणाऱ्या गाड्यांच्या जाती दोन. थार, जिम्नी यांना लो रेंज गिअर असतो, त्या वेगळ्या. आज आपला विषय आहे ग्रँड विटारा, हायरायडर. २०२२ साली त्या ऑल-व्हीलमध्ये आल्या. त्याआधी २०१४ची डस्टर, जी आता जुन्या बाजारात मिळते. या गाड्या मुळात पुढच्या चाकांवर चालतात. पुढची घसरायला लागली की मधला क्लच मागच्या चाकांकडे ताकद पाठवतो. लो रेंज नाही. विटारात चार मोड दिलेत, ऑटो, स्पोर्ट, स्नो आणि लॉक. परभणीत स्नो! (हशा) हसा, पण पहिल्या पावसात डांबर निसरडं होतं तेव्हा तोच कामाचा. चिखलात लॉक.

आता आमच्या साडूंची गोष्ट थोडक्यात सांगतो. ते जिंतूर तालुक्यातले. अक्षय्य तृतीयेला गाडी घेतली, हार घातला, पेढे वाटले. उन्हाळाभर शेतातल्या आखाड्यावर ये-जा. जो भेटेल त्याला बटण दाखवायचे. मग आला पोळा. आदल्या रात्री पाऊस झालेला. साडू म्हणाले, बैलांना नैवेद्य आहे, गाडीनंच जाऊ. मागे मेव्हणी, पुरणपोळीचा डबा, दोन पोरं आणि मी. पाणंदीत शंभरेक पाऊल गेलो असू, गाडी डावीकडं कलली आणि थांबली. लॉक दाबला. चारही चाकं फिरली, अगदी प्रामाणिकपणे फिरली, आणि गाडी जागच्या जागी खाली बसली. आता ओढायला बैल हवेत. पण पोळा! त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवेल असा माणूस जिल्ह्यात सापडायचा नाही. बैल झुली घालून, शिंगं रंगवून आमच्या शेजारून मिरवत गेले. मागोमाग नवे कपडे घातलेलं सगळं गाव. एक म्हातारबा काचेत डोकावून म्हणाले, “पाव्हणं, चारी चाकं चालत्यात म्हनता नं, मंग हालंना का?” साडूंनी काच वर केली. ट्रॅक्टरवाला जेवून येईपर्यंत आम्ही गाडीत बसून पुरणपोळ्या...

संयोजक घड्याळ दाखवताहेत. असू द्या, मुद्दा इथेच आहे.

गाडीत बिघाड नव्हता. क्लच, बटण, सगळं ठीक. दोष टायरचा. शोरूममधून येतं ते डांबरी रस्त्याचं टायर. त्याच्या बारीक खाचा दोन फेऱ्यांत चिखलानं भरल्या की उरतो तो गुळगुळीत गोळा. इंजिनची ताकद एका चाकाला द्या नाहीतर चौघांना, जमिनीला धरतं ते टायर. ऑल-टेरेन टायर घातलं तर बरंच सुधारतं, पण भर पावसातल्या काळ्या रानात तेही भरतं. वाफसा येईपर्यंत थांबायचं, हे औताला लागू तसं गाडीलाही.

मागून कुणीतरी विचारलं, “तुमच्याकडं कोणती गाडी?” माझ्याकडे स्कूटर आहे. (हशा) पण जन्मभर पॉलिटेक्निकच्या पोरांना गिअरबॉक्स खोलून दाखवलाय, तेवढा अधिकार राहू द्या.

चिठ्ठीच आली, पाच मिनिटं. तर भराभर सांगतो. चाचणीला मिळणारी गाडी बऱ्याचदा दोन चाकांवर चालणारी असते. ऑल-व्हीलच मागा, उद्या देतो म्हणाले तर उद्या जा. कागदावरचे २१० मिलिमीटर रिकाम्या गाडीचे, म्हणून घरची माणसं आणि एक पोतं टाकून गाडी खालून बघा. मागे जाणारा जॉइंट शाफ्ट, मागचा क्राऊन आणि सायलेन्सर यांतलं काय आधी टेकेल ते तिथेच कळतं. जास्तीचा शाफ्ट, जास्तीचा क्राऊन म्हणजे वजन जास्त, तेलपाणी जास्त आणि ॲव्हरेज कमी. जुनी डस्टर घेत असाल तर चारही टायर एकाच मापाची आणि सारखी झिजलेली आहेत का ते पाहा. दोन नवी, दोन गोटा झालेली असतील तर क्लचला सतत वाटतं चाक घसरतंय, आणि तोच झिजतो. ज्याचं जाणं-येणं परभणी–सेलू डांबरी, त्यानं ऑल-व्हीलच्या नादाला लागू नये. तेवढ्या पैशात चांगली टायरं येतात. ज्याचा आखाडा पाणंदीच्या शेवटाला आहे, त्यानं जरूर घ्यावी.

मुहूर्त हवाच असेल तर गणपतीत घ्या. तोवर पाऊस झालेला असतो, वाटा ओल्या असतात. विक्रेत्याला म्हणा, गाडी हायवेला नको, आमच्या पाणंदीला घेऊन चला. नाही म्हणाला तर बुकिंगचे पैसे देऊ नका.