लांबचा प्रवास आणि मोटारसायकलचे टायर

मोटारसायकलीवर दूरच्या प्रवासाला निघायचे ठरले, की घरात तयारीची एकच धांदल उडते. रेनकोट येतो, सामानाच्या पिशव्या येतात, इंजिनातले तेल बदलले जाते. टायरच्या वाट्याला मात्र अंगठ्याचा एक दाब येतो आणि "चालेल अजून" असा निकाल लागतो. वास्तविक गाडी, तिच्यावरची माणसे आणि सामान हे सारे जमिनीला टेकते ते या दोन टायरांवरच. म्हणून आज टायरच्या निवडीविषयी थोडे बोलू या.

पालघर-बोईसर भागात हा विषय केवळ हौशी लोकांचा नाही. १९६९ मध्ये तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले, शेजारी औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि गावोगावची माणसे इथे नोकरीला आली. गणपतीला, दिवाळीला त्यांतली कितीतरी मंडळी गाडीवरूनच गावी जातात. पुढे नवरा, मागे बायको, तिच्या मागे बांधलेली बॅग. अशा प्रवासात टायर फसला तर तो दोघांना घेऊन फसतो.

आता थोडा हिशेब करा. गाडी १९० किलोची, दोन माणसे मिळून १४०, सामान २०. झाले ३५० किलो. यातला निम्म्याहून जास्त भार, साधारण २२० किलो, मागच्या चाकावर येतो. टायरमध्ये ३६ पौंड हवा असेल, तर त्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे अडीच किलो होतो. २२० ला अडीचने भागा. उत्तर येते ८८ चौरस सेंटिमीटर. म्हणजे मागचा टायर रस्त्याला चिकटून असतो तो जेमतेम तळहाताएवढ्या जागेवर! ब्रेक लागतो तो तेवढ्यावर, वळण घेतले जाते तेही तेवढ्यावरच.

मग टायर निवडायचा कसा? पहिली गोष्ट, टायरच्या अंगावर लिहिलेले वाचायला शिका. समजा '१२०/८०-१८ ६२ पी' असे लिहिले आहे. १२० ही मिलिमीटरमधली रुंदी. ८० म्हणजे उंची रुंदीच्या ८० टक्के. १८ हा रिमचा व्यास, इंचांत. 'पी' हे वेगाचे अक्षर, ताशी १५० किलोमीटरपर्यंत. आणि ६२? पुष्कळांची नजर यावरूनच घसरते. तो भाराचा अंक आहे. ६२ म्हणजे तो टायर २६५ किलो पेलतो. त्या जागी ५२ अंकाचा टायर असेल, तर त्याची मर्यादा २०० किलो. आपला भार तर २२० निघाला! दुकानदार म्हणेल, "भाऊ, दिसायला सारखाच आहे, शिवाय स्वस्त पडेल." दिसायला सारखा असेलही; पण आपल्या संसाराचे ओझे त्याला झेपणारे नाही. गाडी बनवणाऱ्याने पुस्तिकेत दिलेले माप आणि भाराचा अंक यांच्या खाली कधी उतरू नका. उगाच रुंद टायर चढवण्याचाही मोह नको. अरुंद रिमवर रुंद टायर बसवला की त्याची गोलाई बिघडते आणि वळणावर गाडी नीट कलत नाही.

दुसरी गोष्ट रस्त्याची. बोईसरहून नाशिकला जायचे आहे, असे धरा. चिल्हार फाट्यापर्यंत कारखान्यांच्या ट्रकांची वर्दळ. रस्त्यावर सांडलेले तेल, पडलेला एखादा खिळा. पुढे मुंबई-अहमदाबाद महामार्गाचे काँक्रीट. मस्तान नाक्यावरून आत वळले की विक्रमगड, जव्हार, मोखाडा, त्र्यंबक अशी चढउताराची, वळणांची वाट. पालघरहून निघालात तर मनोरच्या आधीच वाघोबाची खिंड लागते. आता यातल्या कोणत्या रस्त्यासाठी टायर घ्याल? सरळ महामार्गावर कसलाही बरा टायर चालून जातो. कसोटी लागते ती ओल्या घाटात, भरल्या गाडीने उतरताना. म्हणून प्रवासातला सर्वांत अवघड टप्पा डोळ्यांपुढे ठेवा आणि त्याला पुरेल असा टायर घ्या.

आपल्याकडे पाऊस वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. टायरवरच्या खाचा शोभेच्या नसतात. चाकाखालचे पाणी बाहेर फेकण्याचे काम त्या करतात. टायर झिजून गोटा झाला, की पाण्याचा थर चाकाखाली अडकतो आणि गाडी त्याच्यावर तरंगते. रबर फार कडक असेल तर टायर वर्षानुवर्षे टिकतो, पण ओल्या रस्त्यावर पकड कमी देतो. फार मऊ असेल तर पकड उत्तम, पण झीज लवकर. प्रवासाला मधला मार्ग बरा. मोठ्या गट्टूंचा, मातीच्या वाटेसाठी केलेला टायर दिसायला रुबाबदार खरा. पण डांबरावर तो लवकर झिजतो, आणि ओल्या डांबरावर त्याची पकडही उणी पडते. कच्चा रस्ता खरोखरच पुष्कळ असेल तरच तो घ्यावा.

ट्यूब की ट्यूबलेस? ट्यूबलेसमध्ये खिळा घुसला तर हवा बहुधा हळूहळू जाते, गाडी सावरायला वेळ मिळतो, आणि चाक न काढता पंक्चर काढता येते. मात्र त्यासाठी रिमही त्याच जातीची हवी. साध्या तारांच्या चाकाला ट्यूबच लागते. तेव्हा जवळ एक जादा ट्यूब ठेवा. तारापूर, चिंचणी, सातपाटी अशा खाऱ्या वाऱ्याच्या गावांत रिमला गंज धरतो आणि कडेतून हवा गळू लागते. टायर बदलताना रिमची आतली कड घासून साफ करून घ्या.

विकत घेताना टायरवरचा चार आकडी शिक्का पाहा. '३२२४' म्हणजे २०२४ सालचा बत्तिसावा आठवडा. दुकानात वर्षानुवर्षे पडून राहिलेला टायर, खाचा शाबूत असल्या तरी, कडक झालेला असतो. फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असेल तर तोही बघून बसवा.

आणि हे सारे निघण्याच्या आदल्या दिवशी नको. नव्या टायरचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो. पहिले शे-दीडशे किलोमीटर तो बेताने चालवावा लागतो. दोन आठवडे आधी टायर बदला, रोजच्या कामावर जातायेता तो मुरू द्या. निघण्याच्या सकाळी, टायर थंड असतानाच, दोन माणसांसाठी पुस्तिकेत सांगितलेली हवा भरा. कमी हवेचा टायर चालताना सारखा दबतो, तापतो आणि आतून फाटतो. मग चार दिवसांनी परतताना पुन्हा एकदा हवा तपासा. पाच मिनिटांचे काम आहे. ते झाले, की गावच्या गप्पा आठवत निश्चिंत मनाने घरी या.