सावड, इर्जिक आणि पडकई

ऐन पेरणीत एखाद्याचा बैल दगावला तर त्याचं रान पडीक राहू नये, याची काळजी महाराष्ट्रातल्या खेड्यांत शेजारीपाजारीच घेत आले आहेत.

या मदतीची एक रीत म्हणजे सावड. तिच्यात दोन-चार घरं एकमेकांच्या शेतात पाळीपाळीनं राबतात. आज एकाची भांगलण, उद्या दुसऱ्याची. मजुरीऐवजी दिवसाची फेड दिवसानं. इर्जिक त्याहून मोठी. अनेक शेतकरी आपापली औतं घेऊन एकाच शेतात उतरतात, अडलेली नांगरणी उरकतात आणि शेतमालक सगळ्यांना पोटभर जेवू घालतो.

पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव-जुन्नरच्या आदिवासी पट्ट्यात पडकईची रीत आहे. डोंगरउतारावर बांध घालून भातखाचरं तयार करायला अख्खी वस्ती हात लावते.

ट्रॅक्टर आल्यावर इर्जिक विरळ झाली. भातलावणीला मजूर मिळेनासे झाले, की सावड मात्र आजही उपयोगी पडते.