लॅपटॉप झोपला की बंद झाला?

आजचा विषय छोटा आहे, पण मला तो फार महागात पडलाय. आधी तेच सांगतो.

कॉलेजचं शेवटचं वर्ष. वसमतच्या हळदीच्या बाजारावर माझा प्रोजेक्ट होता. लॅपटॉप जुना, बॅटरी कधीच मेलेली. चार्जर लावला तरच चालायचा. रात्री नऊ ते बारा बसून तक्ते भरले, पानं टाइप केली. मग डोळे मिटायला लागले तसं झाकण लावलं आणि झोपलो. म्हटलं, फोनसारखंच तर आहे, सकाळी उघडलं की तिथूनच पुढे. आपोआप सेव्ह होण्याची सोयही मी बंद करून ठेवली होती, कारण कुणीतरी सांगितलं होतं की त्यानं लॅपटॉप फास्ट चालतो!

पहाटे लाईट गेली. सकाळी फाईल सापडली, पण रात्री नऊची. तीन तासांचं काम गेलं. अकरा वाजता जमा करायचं होतं, अर्धवटच दिलं.

चूक कुठं झाली? हे समजायला आपल्या हिंगोलीतलंच उदाहरण घेऊ. शिजवलेली हळद अंगणात वाळत घालतात ना? ते अंगण म्हणजे कॉम्प्युटरची रॅम. तुमचं चालू काम तिथं पसरलेलं असतं. घरातली कोठीची खोली म्हणजे हार्ड डिस्क किंवा एसएसडी. तिथं ठेवलेलं लाईट गेली तरी टिकतं.

स्लीप म्हणजे हळद अंगणातच ठेवून एक राखणदार बसवायचा. स्क्रीन बंद, प्रोसेसर बंद, डिस्क बंद. फक्त रॅमला थोडी वीज मिळत राहते. ती लागतेच, कारण रॅमची स्मरणशक्ती फार कच्ची. तिच्यातली माहिती सेकंदाला साधारण पंधरा वेळा ताजी करावी लागते, नाहीतर पुसून जाते. म्हणून स्लीपमधून लॅपटॉप दोन-चार सेकंदांत उठतो. पण वीज तुटली की राखणदार गेला आणि पाऊस आला. माझं हेच झालं.

हायबरनेट म्हणजे हळद पोत्यांत भरायची, कोणता ढीग कुठं होता ते लिहून ठेवायचं आणि सगळं कोठीत न्यायचं. रॅममधलं सगळं डिस्कवरच्या एका मोठ्या फाईलमध्ये लिहिलं जातं आणि मशीन पूर्ण बंद होतं. चार्जर काढा, दोन दिवस लाईट नसू द्या, काही बिघडत नाही. चालू केलं की तीच खिडकी, तेच पान. उठायला थोडा जास्त वेळ लागतो आणि डिस्कवर काही जीबी जागा जाते, एवढंच.

शटडाऊन म्हणजे अंगण झाडून मोकळं. सगळे प्रोग्रॅम बंद. जे सेव्ह केलं ते राहिलं, बाकी गेलं.

पण इथं एक गंमत आहे. 2012 साली विंडोज 8 आलं, त्यात फास्ट स्टार्टअप नावाची सोय आली. बऱ्याच लॅपटॉपवर ती आधीपासूनच चालू असते. ती असेल तर शटडाऊन करताना तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा हायबरनेट होतो. म्हणजे रोज रात्री बंद करूनही तो गाभा आठवडाभर तोच असू शकतो! म्हणून लॅपटॉप अडखळत असेल, प्रिंटर ओळखत नसेल, तर शटडाऊन नाही, रीस्टार्ट करा. रीस्टार्टमध्ये सगळं खरंच नव्यानं सुरू होतं.

आणि फोन? बाजूचं बटण दाबलं की तो बंद होत नाही, फक्त डुलकी घेतो. अँड्रॉइडमध्ये 2015 पासून डोझ नावाची सोय आहे. फोन बराच वेळ पडून असला की ॲप्सना सारखं इंटरनेट वापरू देत नाही; मधूनमधून थोडी खिडकी उघडतो, तेवढ्यात त्यांनी कामं उरकायची. आपल्याला सवय या फोनची. पण फोनच्या पोटात चांगली बॅटरी असते, म्हणून ती सवय तिथं चालते. मेलेल्या बॅटरीच्या लॅपटॉपवर किंवा यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपवर तिचा भरवसा धरू नका.

मग करायचं काय? चहाला उठताय, बॅटरी ठीक आहे, तर स्लीप. रात्रभर ठेवायचंय, गावाकडं निघालाय, लाईटचा भरवसा नाही, तर हायबरनेट. काम संपलं, तर शटडाऊन.

हायबरनेट मेन्यूत दिसत नसेल तर घाबरू नका, बऱ्याचदा ते लपवलेलं असतं. कंट्रोल पॅनल उघडा, पॉवर ऑप्शन्समध्ये जा. डावीकडं पॉवर बटणांनी काय करायचं ते निवडायची ओळ आहे. तिथं सध्या बंद असलेल्या सेटिंग्ज बदलायची ओळ दाबा आणि खाली हायबरनेटवर टिक करा. त्याच पानावर झाकण लावल्यावर काय व्हावं हेही ठरवता येतं. बॅटरी मेली असेल तर तिथंही हायबरनेटच ठेवा. मी आता तेच ठेवलंय.

आणि काहीही निवडा, झाकणाला हात लावायच्या आधी कंट्रोल एस दाबा. एका सेकंदाचं काम आहे. माझे तीन तास वाचले असते.

घरात कुणाचा लॅपटॉप चार्जरवरच जगत असेल तर हा भाग त्यांना नक्की पाठवा. भेटू पुढच्या वेळी!