चिंतेची गोळी : घ्यावी कशी, थांबवावी कशी
(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त आपल्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कमिटीने मला बोलायला सांगितलं तेव्हा त्यांची अपेक्षा होती की मी मुदत ठेवी किंवा नॉमिनेशनवर बोलेन. छत्तीस वर्षं बँकेत काढलेला माणूस दुसरं काय बोलणार! पण त्या विषयावर मी कट्ट्यावर इतकं बोललो आहे की हल्ली मला येताना पाहून लोक बाक बदलतात. म्हणून आज वेगळा विषय घेतो. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या उशाशी जी गोळी असते आणि जिच्याबद्दल कोणी बोलत नाही, त्या चिंतेच्या गोळीबद्दल.

मी डॉक्टर नाही, साधा बी.कॉम. आहे. पण या गोळ्या मी घेतल्या आहेत, त्यातली एक अजून घेतो, आणि हे माईकवर सांगताना मला कमीपणा वाटत नाही. बीपीची गोळी आपण जेवणाच्या टेबलावर ठेवतो आणि ही मात्र कपाटात, साड्यांच्या घडीमागे. लपवलेल्या गोळीचा हिशेब राहत नाही, म्हणून मला हा विषय महत्त्वाचा वाटतो.

२०१८ साली आमची ही गेली. त्यानंतर मला पहाटे तीनला जाग यायची, छातीत धडधड, तळहाताला घाम. गॅसचा नॉब बंद आहे ना, हे रात्रीतून चार वेळा बघून यायचो. फॅमिली डॉक्टरांनी लगेच गोळी दिली नाही. आधी ईसीजी काढला, मग थायरॉईडची तपासणी केली, कारण थायरॉईड वाढलं तरी माणूस असाच घाबराघुबरा होतो. दम्याचा पंप आणि दिवसाचे सात कप चहा यांनीही धडधड होते. हे सगळं बघून झाल्यावर त्यांनी मला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. तिथे दोन गोळ्या मिळाल्या.

एक एस्सिटालोप्राम, सकाळी नाश्त्यानंतर. दुसरी क्लोनाझेपामची अगदी लहान मात्रा, रात्री. डॉक्टरीणबाईंनी दोन्हींतला फरक सांगितला आणि मी तो माझ्या भाषेत वहीत लिहून ठेवला. पहिली गोळी म्हणजे रिकरिंग डिपॉझिट. आज भरलं आणि उद्या काढलं असं होत नाही. गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. उलट सुरुवातीचे काही दिवस मळमळ, अस्वस्थता वाढल्यासारखी वाटते. नेमके याच दिवसांत लोक 'मला सूट होत नाही' म्हणून ती परस्पर सोडून देतात. दुसरी गोळी म्हणजे ओव्हरड्राफ्ट. अर्ध्या-पाऊण तासात पैसे हातात, पण व्याज चालू. ती पहिली गोळी लागू पडेपर्यंतच, असं बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

या दुसऱ्या गटाची नावं तुम्हाला माहीत असतील. अल्प्राझोलाम, लोराझेपाम, डायझेपाम, क्लोनाझेपाम. आणि जवळजवळ तसंच काम करणारी एटिझोलाम. आपल्या पिढीला 'कॅम्पोज' आठवत असेल, ती डायझेपामच. या कुळातली पहिली गोळी १९६० साली अमेरिकेत बाजारात आली, डायझेपाम १९६३ साली. तेव्हा त्या फार निर्धोक समजल्या गेल्या. सवय लागते, थोड्या आठवड्यांतही लागू शकते, हे मागाहून उमगलं. २०२० साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या सगळ्या गोळ्यांच्या माहितीपत्रकावर सवयीबद्दलचा सर्वांत कडक, चौकटीतला इशारा छापायला लावला.

आपल्या वयाला यात आणखी एक भर पडते. म्हातारपणी शरीर या गोळ्यांचा निचरा सावकाश करतं. रात्री घेतलेल्या गोळीचा अंमल सकाळीही उरतो. मग पहाटे लघवीला उठताना तोल जातो आणि खुब्याचं हाड मोडतं. आपल्या सोसायटीत गेल्या पंचवीस वर्षांत किती जण बाथरूममध्ये पडले ते आठवा. सगळे गोळीमुळे पडले असं मी म्हणत नाही, ओल्या फरशीचाही वाटा आहेच. पण विसरभोळेपणा आणि गोंधळलेपण हेही कधी कधी वयाचं नसून गोळीचं असतं. आजोबा बरळायला लागले तर आधी त्यांच्या गोळ्यांचा डबा बघावा. एस्सिटालोप्रामच्या जातीतल्या गोळ्यांनी आपल्या वयात रक्तातलं सोडियम उतरू शकतं, म्हणून माझं सोडियम अधूनमधून तपासतात. ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर तेही डॉक्टरांना सांगावं लागतं, कारण रक्तस्राव वाढण्याची शक्यता असते.

आता माझ्या आवडीचा भाग, ऑडिट. डबा उघडा आणि भिंग घेऊन बसा. ब्रँडचं मोठं नाव वाचू नका, खालचं बारीक अक्षर वाचा. दोन डॉक्टरांनी दोन नावांनी एकच औषध दिलेलं असू शकतं, म्हणजे एकाच खात्यावर दोनदा नावे पडतंय. नावापुढे 'प्लस' असलं तर विशेष सावध. एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम एकत्र असलेल्या गोळ्या आपल्याकडे सर्रास मिळतात. आपण एक साधी गोळी घेतोय असं त्या माणसाला वाटतं, आणि ओव्हरड्राफ्ट मात्र वर्षानुवर्षं चालू राहतो. प्रोप्रानोलोलबरोबर एटिझोलाम असलेली जोडगोळीही मिळते. प्रोप्रानोलोल दमेकऱ्यांना चालत नाही, आणि मधुमेह्यांना साखर उतरल्यावर जी धडधड होते ती त्याने झाकली जाते, म्हणून तिथेही विचारूनच.

दशांश चिन्हाकडे लक्ष द्या. ०.२५ मध्ये आकडे जास्त म्हणून ती जोरदार, असं समजणारे सुशिक्षित लोक मी पाहिलेत. ०.५ तिच्या दुप्पट आहे! आणि केमिस्ट स्ट्रिप कापून देतो तेव्हा नाव आणि मुदत छापलेला तुकडा बऱ्याचदा त्याच्याकडेच राहतो. तो मागून घ्या, नाहीतर पाकिटावर लिहून घ्या.

चिठ्ठी मागितली म्हणून केमिस्टवर रागवूही नका. अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोपेची झोल्पिडेम ही औषधं शेड्यूल एच-वनमध्ये आहेत. २०१४ पासून त्यांच्या विक्रीची वेगळ्या रजिस्टरात नोंद करावी लागते; डॉक्टरांचं नाव, पेशंटचं नाव, किती दिल्या ते सगळं. तीन वर्षं ते रजिस्टर जपायचं. व्हाउचरशिवाय पेमेंट नाही, हे मला तरी पटतं.

या गोळ्यांबरोबर दारू मुळीच नाही. एकतीस डिसेंबरच्या गच्चीवरच्या मंडळींनो, थोडीसुद्धा नाही. तसंच ट्रामाडोल असलेल्या वेदनाशामक गोळ्या आणि कोडीन असलेलं खोकल्याचं औषध. दोन्ही मिळून गुंगी वाढते आणि श्वास मंदावतो. नायट्यासाठी देतात ती इट्राकोनाझोलची कॅप्सूल अल्प्राझोलामचा अंमल कितीतरी वाढवते, ते दोन एकत्र चालतच नाहीत. त्वचेच्या डॉक्टरांना आपण मनाच्या गोळीचं सांगत नाही, लाज वाटते. पण ते सांगायलाच हवं. अश्वगंधा घेत असाल तर तेही सांगा.

आता एक प्रसंग सांगतो, विंग सांगणार नाही. एका रात्री साडेदहाला एक शेजारी दारात आले. "काका, तुमच्या त्या गोळ्यांतली एक द्या. हिला फार घाबरल्यासारखं होतंय, हातपाय थरथरतायत. दवाखाना बंद झाला." मी विचारलं, वहिनींना आणखी काय औषधं चालू आहेत? ते म्हणाले, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्याच्या दुखण्याच्या गोळ्या, बाकी काही नाही. मी गोळी दिली नाही. त्यांना ते लागलं. "एका गोळीसाठी एवढं?" म्हणाले. मी त्यांच्याबरोबर वर गेलो, वहिनींजवळ बसलो, दुखण्याच्या गोळीची स्ट्रिप मागितली आणि फॅमिली डॉक्टरांना फोन लावून बारीक अक्षर वाचून दाखवलं. त्यात ट्रामाडोल होतं. डॉक्टर म्हणाले, झोपेची किंवा चिंतेची कुठलीही गोळी देऊ नका, आणि साठीच्या बाईला पहिल्यांदाच अशी धडधड होतेय तर घरी बसू नका, ईसीजी काढून आणा. रिक्षा करून गेले. ईसीजी चांगला निघाला, पहाटे घरी आले. त्यानंतर दोन महिने ते लिफ्टमध्ये माझ्याशी बोलले नाहीत. माझी त्याला हरकत नाही. पुन्हा कोणी आलं तरी मी हेच करेन.

राहिला प्रश्न थांबवण्याचा. 'आता बरं वाटतंय' म्हणून क्लोनाझेपाम किंवा अल्प्राझोलाम एका दिवसात बंद करणं हे अतिशय धोक्याचं आहे. बरेच दिवस घेणाऱ्याला झोप उडणं, थरथर, कधी कधी चक्क फिट येते. त्यामुळे आज घरी जाऊन कोणी स्ट्रिप कचऱ्यात टाकू नका! माझी रात्रीची गोळी बाईंनी दोन महिन्यांनी कमी करायला घेतली आणि आणखी सहा आठवड्यांत शून्यावर आणली. वहीत रोज मात्रा, झोपेचे तास, आणि गॅस किती वेळा बघितला ते लिहीत होतो. मधल्या एका आठवड्यात झोप बिघडली, तेव्हा बाईंनी आहे तिथेच आठ दिवस थांबायला सांगितलं. ज्यांची गोळी पाच-दहा वर्षांची आहे त्यांना याहून बराच जास्त वेळ लागतो. एस्सिटालोप्रामही अशीच हळूहळू सोडतात. गावाला, मुलांकडे परदेशात जाताना गोळ्या दोन आठवडे जास्तीच्या आणि चिठ्ठी हँडबॅगेत ठेवावी, ती यासाठीच.

आणखी एक बँकवाल्याची सूचना. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार विमा कंपनीने मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखाच विमा द्यायला हवा. प्रपोजल फॉर्मवर हा आजार लपवू नका, क्लेमच्या वेळी तेच अंगाशी येतं. आणि रात्री-अपरात्री कोणाशी बोलावंसं वाटलं तर १४४१६ हा सरकारी टेली-मानसचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीतही बोलतात. तो मी नोटीस बोर्डावर पाण्याच्या वेळापत्रकाशेजारी लावायला सांगितलाय, म्हणजे सगळ्यांची नजर पडेल.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहाला मी सोसायटीच्या ऑफिसात बसणार आहे. आपापला डबा आणा. आपण बारीक अक्षर वाचून कागदावर यादी करू, औषधाचं मूळ नाव, मात्रा, कोणी दिली, केव्हापासून. ती यादी तुम्ही तुमच्या डॉक्टरांना दाखवा. कुठली घ्यायची आणि कुठली सोडायची हे मी सांगणार नाही, विचारूही नका. चहा कमिटीकडून, भिंग माझं.