विणीच्या दिवसांत खडकावर उतरू नका



पाण्यावर सुरय पक्षी सूर मारू लागले की खाली मासळी आहे, हे सातपाटी-तारापूरच्या तांडेलांना सांगायला नको. पण हे पक्षी अंडी कुठे घालतात? आपल्या गजबजलेल्या किनाऱ्यावर त्यांचा निभाव लागत नाही. त्यांना चहूबाजूंनी पाणी असलेला खडक लागतो. तिथे कुत्री, मांजरं, उंदीर सहसा पोचत नाहीत.

आपल्या राज्यात अशी जागा म्हणजे वेंगुर्ल्यासमोरचे खडक, वेंगुर्ला रॉक्स. पक्षी अभ्यासक ए. ओ. ह्यूम 1875 मध्ये तिथे जाऊन आले. पुढे हुमायून अब्दुलअली या दुसऱ्या अभ्यासकानं तिथल्या सुरयांवर लिहिलं. तुरेवाला मोठा सुरय उघड्या कातळावर एकच अंडं घालतो. काड्यांचं घरटं नाही की आडोसा नाही. भर दुपारी चार हौशी माणसं होडीतून उतरली की सगळा थवा भरारा उठतो. अंगाची सावली गेली की तापल्या कातळावरची अंडी भाजून निघतात. उरलेली दुसरे पक्षी नेतात. कुणी साधा खडा मारलेला नसतो, तरी त्या पक्ष्यांची वर्षाची वीण गेलेली असते.

याच खडकांतल्या गुहांमध्ये भारतीय पाकोळी लाळेची घरटी बांधते. या घरट्यांचं परदेशात सूप करतात, म्हणून त्यांची चोरी होत असे. 2001 च्या सुमारास चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेनं, भाऊ काटदरे यांच्या पुढाकारानं, ही तस्करी उघडकीला आणली. पुढे या पाकोळीला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण मिळालं. पण भर समुद्रात वनरक्षक रोज कसा पोचणार? तिथे नजर असते ती मच्छीमारांचीच.

आणि मच्छीमारांना हे नवं नाही. 1 जून ते 31 जुलै बंदीच्या काळात यांत्रिक होड्या किनाऱ्याला लागतात, त्या मासळीला वीण करू द्यावी म्हणूनही. पापलेटचं पिल्लू आज धरलं तर उद्या जाळ्यात काय येणार, हा हिशोब सातपाटीला पाठ आहे. तोच हिशोब पक्ष्यांना लावायचा. मे ते ऑगस्ट वेंगुर्ल्याच्या खडकांवर उतरू नका, ड्रोन उडवू नका. पर्यटकांनी कितीही भाडं देऊ केलं तरी होडी लांबूनच फिरवा.

पावसाळी वादळानंतर आपल्याही किनाऱ्यावर कधी दमलेला सुरय येऊन पडतो. त्याच्या चोचीत पाणी ओतू नका. हवा लागेल अशा खोक्यात सावलीला ठेवा आणि वनविभागाला 1926 या क्रमांकावर कळवा.