युरोपहून बोईसरला
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील भाषण)

‘युरोप कसं वाटलं?’ सगळे विचारतात. मी परतीचं सांगते.

अडीच महिने जर्मनीत मुलाकडे होतो. निघताना म्हणाला, ‘आई, आता इकडेच राहा.’ काही न बोलता विमानात बसले.

मुंबईत पहाटे उतरलो. अंधेरीहून विरार, पुढे २०१३ पासूनची डहाणू लोकल. वैतरणा खाडी, सफाळे, पालघर, उमरोळी मागे पडलं, तसे हे सावरून बसले.

किल्ली शेजारीच होती. भर पावसात दर आठवड्याला घर उघडून गळती पाहिली होती, तुळस जगवली होती. त्यांनीच गरम पोहे आणून दिले.

मुलाला फोन केला, ‘येत जाऊ, पण राहू इथेच.’

एकट्या राहणाऱ्या प्रत्येक ज्येष्ठाची एक किल्ली शेजारी असू दे, एवढीच विनंती.